तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाच्या सामानाच्या दुकानात कसली आलीय ग्रोथ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर एवढं टाईप करत बसायला वेळ कुणाला आहे. आमच्या बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कुठंही लग्नाला जा नाहीतर हळदीकुंकवाला, दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "अजून त्या खेळाच्या दुकानातच आहेस काय गं?" आणि दुसरा, जरा बाजूला घेऊन, "आमच्या पोराचं बीकॉम झालंय, तुमच्या कंपनीत लावता येतंय काय बघ की, पुढं काय स्कोप असतोय तिथं?" ज्या नोकरीला पहिल्या प्रश्नात नाक मुरडलं तीच दुसऱ्यात पोरासाठी पाहिजे असती. असो.

स्कोप आहे. फ्लोअरवर लागायचं, मग एक डिपार्टमेंट मिळतंय, मग असिस्टंट मॅनेजर, मग स्टोअर मॅनेजर. पण एका दुकानात मॅनेजर एकच असतोय आणि तो खुर्ची सोडत नाही, त्यामुळं वर जायचं म्हणजे हुबळी, गोवा, पुणे नाहीतर बेंगळूर गाठायची तयारी पाहिजे. ज्याला जमतंय त्यानं जावं, आमच्यातली दोन-तीन पोरं गेली आणि चांगली आहेत. मला सासू-सासऱ्यांना सोडून जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं रोस्टर लावायचं आणि रजा मंजूर करायच्या या कामाचं मला कधी आकर्षणही वाटलं नाही. ज्यांना बेळगावातच राहून पुढं जायचंय त्यांना मी एकच सांगते, दुकानातलं एक टेबल आपलं करा.

माझं टेबल गटिंगचं. म्हणजे रॅकेटची जाळी भरायचं. लोकांना वाटतं मशीन आहे, मशीनच करतंय सगळं. मशीन फक्त ताण देतंय, बाकी सगळं हातानं. बॅडमिंटनची रॅकेट आली की आधी जाळी नाही, फ्रेम बघायची. घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या जागी नख फिरवायचं, केसाएवढी चीर असली तरी लागती. ती न बघता मशीनवर चढवली तर ताण बसताना कडकन मोडती आणि मग तुम्हीच मोडली म्हणून भांडण. मग ग्रोमेट, म्हणजे भोकातल्या त्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या, फुटलेल्या असतील तर बदलायच्या, नाहीतर नवीन गट, म्हणजे जाळीची तार, चार दिवसांत कापली जाती. आणि एक तार तुटली की बाकीच्याही लगेच कापून टाकायच्या, मधनं सुरू करून चारी बाजूला थोड्या थोड्या, कारण एकीकडचा ताण गेला आणि दुसरीकडचा राहिला की फ्रेम हळूहळू वाकडी होती. लोक काय करतात, तुटलेली रॅकेट कपाटावर टाकतात आणि पोराची परीक्षा संपली की आणून देतात.

त्यात आता पोरं व्हिडिओ बघून येतात. "अक्का, 28 पौंड मार." बारा वर्षांचं पोरगं, शटल बेसलाईनपर्यंत पोचत नाही आणि 28 पौंड! ताण वाढला की कंट्रोल येतोय हे खरं, पण रॅकेटमधली चांगली जागा लहान होती, शटल मधोमध लागलं तर ठीक, नाहीतर हात झणझणतोय आणि शटलला जोर सगळा आपणच द्यायचा. त्याला 22-23 पुष्कळ. हे त्याला पटवायचं, तेही बाप शेजारी उभा असताना पोराला कमीपणा न आणता, हे मला गट भरण्यापेक्षा उशिरा जमलं. आता मी सरळ दांड्याजवळ कंपनीनं छापलेला मॅक्सिमम आकडा त्यालाच वाचायला लावते. छापलेलं लोकांना पटतंय, आपलं बोलणं पटत नाही.

बॅटच्या टेबलावर आमचा एकजण आहे, त्याचं वेगळंच. आपल्याकडं आईबाप युनिफॉर्म जसा वाढत्या मापाचा घेतात तशी बॅटही घेतात. पाच नंबर पाहिजे तिथं हॅरो, म्हणजे सहा नंबरच्याही वरचं माप, घेऊन जातात, दोन वर्षं चालेल म्हणून. मग पोरगं ती जड बॅट उचलायला खालच्या हातानं ओढतंय, तीच सवय लागती आणि नंतर कोच डोक्याला हात लावून बसतोय. हा गडी काय करतो, पोराला नुसत्या वरच्या हातानं बॅट समोर धरायला सांगतो, टोक खाली गेलं की बॅट परत रॅकमध्ये. आईबाप गप्प. शिवाय गल्लीतल्या टेनिस बॉलची बॅट घेऊन लेदर बॉलवर खेळू नका, बॅटचं लाकूड काश्मीर विलो असो की इंग्लिश, लाकडी मोगरीनं ठोकून घेतल्याशिवाय मॅचला काढू नका, कच्चं जवसाचं तेल पातळ हातानं लावा आणि आपल्या बेळगावच्या पावसात बॅट ओल्या जमिनीवर टेकवून ठेवू नका, खालचं टोक पाणी पिऊन फुगतंय, हे सगळं तो प्रत्येकाला न कंटाळता सांगतो. मेरठ, जालंधरचा माल कुठला चांगला हे आमचे परचेसवाले फोन करून त्याला विचारतात. त्याचं पद काय? सेल्स असोसिएट. पगार मात्र मॅनेजरच्या जवळपास गेलाय, कारण दुसऱ्या दुकानानं बोलावलं तेव्हा कंपनीला घाम फुटला.

एक्सलन्स हा शब्द कंपनीत फार चालतो, भिंतीवरपण लावलाय. पण महिन्याच्या शीटमध्ये बघितलं तर माणशी विक्री किती, एका बिलात वस्तू किती, एवढंच. वरनं आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, एका रॅकेटवर अर्धा-पाऊण तास घालवता त्यात दोन नव्या विकल्या असत्या की नाही? मी म्हटलं, सर, गटिंगवाला माणूस एकदा द्यायला येतोय आणि एकदा न्यायला, दोन्ही वेळा ग्रिप नाहीतर शटल घेऊन जातोय. साहेबांनी मान हलवली. शीट आहे तशीच आहे.

बुटांकडं तर या शीटचा खरा त्रास. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं खानापूर, चंदगडकडची भरतीची पोरं येतात, 1600 मीटरच्या तयारीला बूट पाहिजे म्हणून, घरच्यांनी दिलेले मोजके पैसे खिशात. भिंतीवरचा महागडा बूट त्यांना दाखवला की डोळे चमकतात, आणि विकणं अगदी सोपं असतंय. आमच्या नवीन पोरांना मी सांगते की आधी विचारा पळतोस कुठं, डांबरी रोडवर की शेताच्या बांधानं, दोन्ही पायात घालून बघायला लावा, पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, आणि मधल्या किमतीतला चांगला असेल तर तोच द्या. त्या दिवसाचा आकडा पडतोय, पडू दे. पुढच्या रविवारी तो गावातल्या चौघांना घेऊन येतोय.

आणि कन्नड शिका. हे म्हटलं की आपल्यातल्या काहींना राग येतोय, येऊ दे. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे, काउंटरवर गोकाक, बैलहोंगलहून आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत पोराचं वय विचारता आलं पाहिजे. कॅम्पातल्या जवानांशी हिंदी, चोर्ला घाटातनं आलेल्या गोवेकरांशी मोडकी का होईना कोंकणी. हुबळीच्या ट्रेनिंगला मी गप्प बसून राहायची, कन्नड यायला लागल्यावरच तिथं माझं तोंड उघडलं आणि गटिंगचं ट्रेनिंग देण्याचं काम माझ्याकडं आलं.

"खेळाडू असायला लागतं काय?" हेही विचारतात. नाही. मी शाळेत खो-खो खेळले तेवढंच. पण गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जास्त जाणतंय हे डोक्यात ठेवायला लागतंय. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकात गोल्ड जिंकलेल्या हॉकी टीममधले बंडू पाटील बेळगावचे, 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये कुराशचं, म्हणजे कुस्तीसारख्या खेळाचं, ब्राँझ आणणारी मलप्रभा जाधव इथल्याच तुरमुरीची. अशा गावात काउंटरच्या पलीकडं साध्या शर्टात कोण उभं आहे सांगता येत नाही. तेव्हा माहीत नसेल तर थाप मारायची नाही, टेबलवाल्याला हाक मारायची.

तर पोराला पाठवा. रविवारची सुट्टी मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा, सुट्टी आठवड्यात कधीतरी. आणि इंटरव्ह्यूला येताना नवे कोरे बूट घालून येऊ नको म्हणावं, पहिल्याच दिवशी फ्लोअरवर उभं करतात आणि संध्याकाळपर्यंत टाचा सोलून निघतात.