निडल प्रिकनंतरचे 28 दिवस

पहाटेचे पावणेचार. पेशंटचं रक्त घेऊन सुई टाकायला वळले, तर वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा शार्पचा डबा काठोकाठ भरलेला. तरीही सुई आत सारायला गेले आणि ती ग्लोव्ह फाडून तर्जनीत घुसली. पेशंटच्या फाइलवर लिहिलेलं होतं: एआरटी चालू, म्हणजे एचआयव्हीचे उपचार.

बोट दाबून रक्त काढावंसं वाटतं. दाबायचं नसतं, स्पिरिटही ओतायचं नसतं. साबण आणि नळाचं वाहतं पाणी, एवढंच. इन्चार्ज सिस्टरांनी मला हाताला धरून कॅज्युअल्टीत नेलं. लागण टाळायच्या औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, 72 तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. पाचच्या आत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिरची एकत्र गोळी पोटात गेली. माझं रक्तही लगेच तपासणीला घेतलं.

अशा टोचण्यातून एचआयव्हीची लागण साधारण हजारात तिघांना होते. औषधाने ती शक्यता आणखी घटते. शिवाय त्या पेशंटच्या रक्तातला व्हायरल लोड (विषाणूंचं प्रमाण) तपासणीत सापडतच नव्हता. हे सगळं मी इतरांना समजावत आले आहे. पण त्या सकाळी स्वारगेटहून धनकवडीच्या बसमध्ये बसले तेव्हा त्यातलं काही आठवेना. खरी भीती हेपॅटायटिस बीची हवी होती. लस न घेतलेल्याला त्याची लागण 30 टक्क्यांपर्यंत होऊ शकते. मी तिन्ही डोस घेतले होते, पण टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती संरक्षण तयार झालं, तो कधी तपासलाच नव्हता. तो 10च्या वर, म्हणजे पुरेसा आला तेव्हा रडले.

घरी फक्त नवऱ्याला सांगितलं. 28 दिवस तो रोज रात्री नऊला गोळी आणि पाणी घेऊन समोर उभा राहायचा. पहिला आठवडा मळमळीत गेला. त्यावर अँटासिड घेणार होते, तर समुपदेशक ताईंनी अडवलं: दोन्ही एकदम घेतली तर गोळी नीट अंगी लागत नाही, आधी गोळी, मग दोन तासांनी अँटासिड.

आणि मी माझी ताटवाटी वेगळी ठेवली. जेवणातून पसरत नाही हे ठाऊक असून, लेकीच्या काळजीने, चक्क दोन दिवस. त्याच पेशंटकाकांनी मला सांगितलं होतं, "सिस्टर, सून माझं ताट बाहेरच्या मोरीत ठेवते." ते आठवलं आणि तिसऱ्या दिवशी ताट रॅकमध्ये परत ठेवलं.

सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने: तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. आता ड्युटीवर आले की आधी तो डबा बघते. पाऊण भरला असेल तर सील करून वॉर्डबॉय मामांकडे देते, नवा लावते, मगच पेशंटकडे जाते.