सूप हातात असलं की

नागपूरच्या इतवारी बाजारात दुपारी एका दुकानाबाहेर प्लास्टिकची सुपं टांगलेली दिसली. गुलाबी! दुकानदार म्हणाला, "घ्या नं ताई, सडत नाही, किडत नाही." नसेल. पण त्यावर तांदूळ नुसता घसरतो आणि कोंडा चिकटून बसतो. बांबूची वीण दाण्याला किंचित धरते; मग मनगटाच्या झटक्यासरशी तूस पुढे उडतं, दाणा मागे येऊन पडतो. पुढच्या फुटपाथवर बांबूचं मिळालं, तेच घेतलं. काठ नायलॉनच्या दोरीने बांधलेला, चालायचंच. वनाबाहेरचा बांबू 2017 साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून निघाला म्हणे, सूप काही स्वस्त झालं नाही.

आता पाखडायला उरलंय तरी काय? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-3 धानाच्या शेतातून वेगळं निवडून जोपासलेलं एचएमटी हे तांदळाचं वाण आमच्याकडे येतं. तेही सॉर्टेक्स होऊन, म्हणजे यंत्राने निवडून, पिशवीबंद. मी तरीही पाखडते. मुलगा हसतो.

महाल भागातल्या घरी नवं सूप आलं की आई रद्दी नि मेथी भिजत घालायची, कुटून त्याचा लगदा सुपाला लिंपायची. नागपूरचं ऊन, एका दुपारीत खडखडीत. घरभर तो कडसर वास.

पाखडायचं मात्र आजीने. भंडाऱ्याकडून नवे तांदूळ येत, आणि ती अंगणात बसली की आजोबासुद्धा लांबून जात, डोळ्यांत तूस नको म्हणून. एरवी ही बाई सगळ्यांच्या मागून जेवायची, पुरुषांपुढे खुर्चीवर बसायची नाही. सूप हातात असलं की मात्र मान वर न करता बोलायची. मावशीचं स्थळ जवळजवळ ठरलेलं, सुपारी फुटायची तेवढी बाकी. आजी सुपाकडे बघतच म्हणाली, "त्या लोकायले नाही सांगून द्या." फटक, फटक, सूप चालूच. आजोबा ओसरीवर थांबले, घसा खाकरला, "बरं" म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. का, कशासाठी, कोणी विचारलं नाही. बहुतेक विचारायला सूप थांबायची वाट बघावी लागली असती.

मावशी पुढे शिकली, नोकरीला लागली.

आजीचं स्वतःचं लग्न खेळायच्या वयात झालं. तेव्हा तिच्या आईच्या हातात काय होतं, कोण जाणे.