पाणी निम्म्या चाकापर्यंत

सांगलीच्या गावभागातली मार्क टू ॲम्बॅसडर २०१९च्या पुराआधीपासून एकाच जागी उभी आहे. मालक म्हणाले, "पाणी निम्म्या चाकापर्यंतच आलतं, मिस्त्री. एकदा सेल्फ मारून बघा की." त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. म्हणून बॅटरी जोडायच्या आधी सेल्फच, म्हणजे स्टार्टर मोटरच, उतरवला. बेंडिक्सच्या, म्हणजे सेल्फच्या पुढच्या गिअरच्या, दातांत वाळलेला गाळ होता. इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या बेल हाउसिंगच्या आत गाळाची रेघ क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मध्याच्याही वर गेलेली.

या १४८९ सीसी इंजिनात मागच्या मेन बेअरिंगला रबरी सील नसतं. क्रँकवर कोरलेले आटे गळणारं तेल परत आत ढकलतात, पण क्रँक फिरत असेल तरच. उभ्या गाडीत तीच जागा पाण्याला मोकळी वाट. डिपस्टिकवर पातळी जास्त दिसते आणि लोक म्हणतात, तेल भरपूर आहे!

चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा, ड्रेन नट पाव-पाव आटा सैल केला. आधी नुसतं पाणी आलं, जवळजवळ लिटरभर. मग काळं तेल. तेल हलकं, पाणी जड आणि पंपाची जाळी तळाशी. अशा इंजिनाला सेल्फ मारला की पंप पहिल्यांदा गढूळ पाणीच ओढतो आणि ते थेट बेअरिंगांत जातं.

चेंबर उतरवला तर जाळी निम्मी बुजलेली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं, २५-२५ मिली सोडलं आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या कॅप खोलल्या. तिसऱ्या नंबरच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गुळगुळीत भागावर, गंजाचे गोल डाग होते. ते पाण्याचं काम. पण त्या डागांना कापत गोलाकार ओरखडे गेलेले, चकचकीत, नखाला अडकणारे. गंज आधीचा, ओरखडे नंतरचे. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी हे इंजिन फिरवलं होतं. मालकांना विचारलं तेव्हा कळलं, मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने बॅटरी लावून "जाम नाही, फिरतंय" असं सांगून पैसे नेले. फिरतंय म्हणजे चांगलं आहे असं समजणाऱ्यांनी जुन्या इंजिनाला हात लावू नये. ड्रेन नट उघडायला पाच मिनिटं लागतात.

डाग फक्त गंजाचे असते तर पॉलिशवर भागलं असतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. डागांची खोली ओरखड्यांनी पुसून टाकली आहे. आता क्रँक बाहेर काढून दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, घासायचा आणि त्या मापाचे अंडरसाइज शेल, म्हणजे बेअरिंगचे पत्रे, बसवायचे. सिलिंडरचा दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज तोवर पेटीतच राहील. गाळ असलेल्या इंजिनावर रीडिंग घ्यायचं म्हणजे पुन्हा सेल्फच मारायचा.

लेथवाल्याकडे क्रँक देताना क्रँकच्या तेलाच्या भोकांत तार घालून बघायला सांगितलं आहे. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे, म्हणजे आतल्या तेलाच्या वाटेचे, दोन्ही टोकांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवायचं काम मी स्वतः करणार. गाळ तिथे राहिला तर नवे शेलही पहिल्याच फेरीत जातील.