रिकाम्या ओळींचा फाँट

माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एक ताई आल्या. त्या तहसील कचेरीसमोर ताडपत्रीखाली बसून करारनामे, संमतीपत्रं, अर्ज टाईप करून देतात. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा पाचव्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क जुनी, फिरती. बटण दाबून चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. दोन दुकानदारांनी त्यांना "भंगारात घाला, नवा घ्या" म्हणून वाटेला लावलं होतं. मशीन न उघडताच! आमच्या धंद्यात हे फार झालंय.

मी २४० जीबीचा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातला आणि विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंट २२ ची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच, लाइव्ह चालवून बघितली. इन्स्टॉल करण्याआधी हे करायचंच. आवाज आला, कॅमेरा चालला, प्रिंटरने टेस्ट पेज काढलं. वायफाय मात्र दिसेना. चिपला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो, आणि तो उतरवायला आधी नेट पाहिजे. अशा वेळी माझा फोन केबलने जोडायचा, टेथरिंग सुरू करून फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं, ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा. पाच मिनिटांचं काम, पण यापायीच कितीजण "लिनक्स चालत नाही" म्हणून सोडून देतात. इन्स्टॉल झाल्यावर अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप समोर. ताई हसल्या, मीही जरा फुशारलो.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच त्या दुकानात.

"भाऊ, हे काय इंग्रजी आलंय?"

फाईलमध्ये जिथे 'मराठी' हवं तिथे ई, जे, के, बी, एच. बघताक्षणी कळलं. त्या वर्षानुवर्षं टाइपरायटरच्या बोटांनी कृतिदेव फाँटमध्ये टाईप करतात. तो युनिकोड नव्हे, ज्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फाँट त्यांना मराठी रूप देतो. मी कागदपत्रं, फोटो, डेस्कटॉप, सगळा बॅकअप घेतला होता. फाँटचं फोल्डर राहिलं. सगळं मशीन तपासलं, पण त्यांची एक फाईल काही उघडून पाहिली नव्हती.

जुनी हार्डडिस्क मी महिनाभर पुसत नाही, म्हणून वाचलो. ती यूएसबी केसिंगमध्ये घालून फाँट काढला, लॅपटॉपमध्ये टाकला. मराठी परत आली. ताईंनी न बघता दोन ओळी टाईप केल्या, बोटं कुठे अडली नाहीत.

एकच्या सुमारास फोन. सह्यांची जागा आणि साक्षीदारांची नावं दुसऱ्या पानावर गेली होती, आणि पहिलं पान पाचशेच्या स्टॅम्पवर छापून झालं होतं. गिऱ्हाईक समोर उभं.

मी गाडी काढून गेलो. स्टॅम्पच्या छापील भागाखाली मजकूर यावा म्हणून ताई वरून एंटर मारत खाली येतात. तेवढ्या रिकाम्या ओळी. त्या ओळींना वेगळाच इंग्रजी फाँट लागलेला, जो मी आणलाच नव्हता. लिनक्सवर वर्डच्या जागी असलेल्या लिब्रेऑफिसने त्याजागी दुसरा घेतला, प्रत्येक रिकामी ओळ केसभर उंच झाली, आणि शेवटच्या तीन ओळी पानाबाहेर. जिथे एकही अक्षर नाही तिथला फाँट शोधत मी अर्धा तास बसलो होतो.

स्टॅम्पचे पाचशे मी दिले. त्या घेत नव्हत्या, मग घेतले.

निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही गावाला गेलात आणि असं झालं, तर हे दुसऱ्या कुणाला येतं का?"

तालुक्यात लिनक्सला हात लावणारा दुसरा मला माहीत नाही. म्हटलं, फोन करा, मी सांगेन. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ती जुनी डिस्क देऊन ठेवा माझ्याकडे."

संध्याकाळी नेऊन दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि शिक्क्यांच्या डब्यात ठेवली.