काही सभासद

रविवार, रात्रीचे पावणेअकरा. पाऊस लागलाय.

सकाळी सोसायटीची सभा झाली. विषय तीन : गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पंपाचा खर्च, आणि जिन्याखालचं बाकडं काढून तिथे दोन बाइकची सोय. गच्चीवरच तास गेला. (दर पावसाळ्यात आम्ही गच्चीवर बोलतो आणि दर पावसाळ्यात ती गळते.) बाकड्याचा विषय निघाला तसे नाना उठले.

नाना गिरणीत विणखात्यात होते. ऐकू कमी येतं, म्हणून साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं. "ब्याऐंशीला संप झाला तेव्हा..." एवढं म्हणाले, तोवर मागून कुणीतरी "झालं सुरू" केलं. चेअरमन म्हणाले, "नाना, विषयावर या." नाना बसले. ठराव मंजूर. मी सेक्रेटरी, इतिवृत्तात लिहिलं : 'काही सभासदांनी इतर मते मांडली.'

दुपारी कळलं, हजेरीवर नानांची सही राहिलीय. वही घेऊन वर गेले. त्यांनी चष्मा लावला, सहीचं सोडून आधी सगळं वाचलं, ओळीखाली बोट धरून. बोट थांबलं.

"काही सभासद म्हणजे मी ना?"

काय बोलणार! लालबागात आजीची खाणावळ होती. पाळी सुटून आलेला माणूस जेवता जेवता बोलायला लागला, की त्याचं संपेपर्यंत ती हातात पळी घेऊन तशीच उभी राहायची. समोरच्याला मधे तोडू नये, हे मी तिच्याकडून घेतलं असं चारचौघांत ऐटीत सांगते. आज मीच पेनाने तोडलं.

नानांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि आवाज न काढता नुसते ओठ ताणून काहीतरी म्हणाले. चहा घेतेस का? मला कळलं! खात्यात शेकडो माग एकदम चालायचे, कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, सगळं बोलणं ओठांवर आणि हातांवर. त्या आवाजाने आधी बारीक आवाज जातात, बायकांचे, पोरांचे. शब्दातला 'स' नि 'फ' गळून पडतो. म्हणजे सकाळी मी विषय वाचून दाखवत होते, ते यांनी निम्मंअधिक अंदाजाने ऐकलं असणार. फोनवर तर काहीच कळत नाही. बाकड्यावर मात्र येणारा-जाणारा समोर उभा राहतो, त्याचं तोंड दिसतं.

आणि संप? तो उगाच नव्हता निघाला. बाकडं जुन्या चाळीतलं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यानंतर रोज संध्याकाळी चाळीतले गिरणीवाले त्या बाकड्यावर बातमीची वाट बघत बसायचे. "संप मागे घेतल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही," नाना म्हणाले आणि स्वतःच हसले. खरंच आहे, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सकाळी आणखी दोन मिनिटं दिली असती तर ते फिरून बाकड्यावरच येणार होते.

म्हाताऱ्यांचं ऐकावं, त्यात मोती सापडतात, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मोती नाही सापडला तर ऐकायचं नाही का? नानांच्या बोलण्याने आमची गच्ची गळायची थांबणार नाहीये. तरी पाऊण तास बसले. चहा फार गोड होता.

आत्ता ती ओळ खोडून शेजारी सही केली. खाली लिहिलं : '३०४ च्या सभासदांनी बाकडे काढण्यास विरोध नोंदवला. कारण :' दोन ओळींत बसवणार होते, नऊ झाल्या. ठराव काही मला एकटीला फिरवता येत नाही. चेअरमनना मेसेज टाकलाय, बाकड्याचा विषय पुढच्या सभेत परत घेऊ या म्हणून.

निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.