डेलावेअरवर कनू: कोण कुठे बसणार ते काठावरच ठरवा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, की "आता कुठे?" हा प्रश्न येतोच. एडिसनपासून गाडीने साधारण दीड तासावर त्याचं चांगलं उत्तर आहे: डेलावेअर नदीचा मिलफर्ड बीच ते डिंगमन्स फेरी हा सुमारे आठ मैलांचा टप्पा, कनूतून, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या लांब, निमुळत्या होडीतून. उजव्या काठाला पेन्सिल्व्हेनिया, डाव्या काठाला न्यू जर्सी, मधे संथ पाणी आणि अधूनमधून थोडी खळखळ. वरच्या अंगाला स्किनर्स फॉल्स आणि खाली बेल्व्हिडिअरजवळचं फाउल रिफ्ट इथे पाणी चांगलंच उसळतं. नवख्या कुटुंबाने तिकडे फिरकू नये.

ऑगस्टमध्येही नदीला पाणी असतं, त्यामागे एक कोर्टकचेरी आहे. उगमाकडची धरणं न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवतात. १९५४ सालच्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मिलफर्डसमोरच्या मॉन्टेग्यूपाशी सेकंदाला १,७५० घनफूट प्रवाह राहील इतकं पाणी शहराने सोडायचं असतं. मॉन्टेग्यूची पातळी इंटरनेटवर रोज दिसते. मोठा पाऊस झाला असेल तर ती बघितल्याशिवाय निघू नका. पाणी गढूळ असेल आणि लाकडं वाहून येत असतील तर बेत पुढच्या शनिवारवर ढकला. मे महिन्यात ऊन कडक असलं तरी पाणी गार असतं. लहान मुलांना न्यायचं तर जूनचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात हाच काळ बरा.

कनू, वल्ही आणि लाइफ जॅकेट भाड्याने देणाऱ्यांना इथे लिव्हरी म्हणतात. गाडी शेवटच्या ठिकाणी लावून त्यांच्या बसने वर जायचं आणि वल्हवत आपल्या गाडीपाशी यायचं, ही व्यवस्था सगळ्यात सोयीची. मग घड्याळाकडे बघत शटल गाठावं लागत नाही. मुलांसोबत तासाला दोन मैल धरा. जेवण, डुंबणं, दगड गोळा करणं मिळून पाच तास जातात. सकाळी नऊला पाण्यात उतरलात तर उत्तम.

आता मुख्य गोष्ट. कुटुंबाची कनू उलटते ती बहुतेक वेळा काठाजवळच, चढता-उतरताना किंवा कुणीतरी मधेच जागा बदलायला उठल्यावर. म्हणून कोण कुठे बसणार ते आधी ठरवायचं. सोळा-सतरा फुटी कनूत दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं मावतात. ज्या सीटपासून जवळच्या टोकापर्यंत पाय पसरायला जास्त जागा आहे ती पुढची सीट. ती उलटी धरून निघालेली मंडळी दर रविवारी दिसतात. अशा वेळी पुढचा माणूस पाय कुठे ठेवू म्हणून हैराण असतो आणि कनू सरळ जात नाही. जड माणूस मागे. समजा मागे ८० किलो, पुढे ६०, तर २५ आणि १८ किलोची दोन मुलं मधे तळावरच, फोमच्या तुकड्यावर, एकामागे एक. दोन्ही कडांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर मूल बसवू नका. बसणारा जितका उंच तितकी कनू डुगडुगते. सामानाची पिशवी मुलांच्याही पुढे सरकवा. पाण्यात मागची बाजू इंच-दीड इंच खाली दिसली की तोल जमला.

चढताना कनू पूर्ण तरंगती हवी. अर्धी वाळूवर, अर्धी पाण्यात असेल तर ती दोन टोकांवर टेकलेल्या फळीसारखी गडगडते. एकाने धरून ठेवायची, दुसऱ्याने वाकून, दोन्ही कडांवर हात ठेवून, पाय बरोबर मधल्या रेषेवर टाकायचा. कनू कलली तर कडा पकडून उलट बाजूला झुकण्याचा मोह होतो. त्यानेच ती जास्त हेलकावे खाते. त्यापेक्षा खाली बसा.

आजी-आजोबांचं स्पष्टच सांगायचं तर गुडघे दुखत असतील त्यांना कनू नको. तळावर बसलं की उठता येत नाही, सीटला पाठ नसते. बऱ्याच लिव्हऱ्यांकडे रबरी राफ्ट मिळते, ती घ्या. हळू जाते, पण आजीही खूश आणि आपणही.

लाइफ जॅकेट बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगात घालावंच लागतं, आणि मोठ्यांनीही घालावं. मुलाचं जॅकेट वजनावरून निवडतात: ३० ते ५० पौंड एक माप, ५० ते ९० पौंड त्यावरचं. सगळे पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटी, कान आत गेले तर ते मोठं आहे.

वल्हं दोन्ही हातांनी खराट्यासारखं धरू नका. एक तळवा वरच्या मुठीवर, दुसरा हात पात्याच्या जरा वर. पातं पूर्ण बुडवून गुडघ्यापासून कमरेपर्यंतच ओढायचं. त्यामागे ओढलं की नुसतं पाणी उचललं जातं. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं, ताल पुढच्याने धरायचा, दिशा मागच्याने. तरीही कनू हळूहळू मागच्याच्या वल्ह्यापासून दूर वळते, कारण त्याचं वल्हं मध्यापासून जास्त लांब पडतं. त्यावर उपाय असा: वल्हं कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा आणि पातं कनूपासून बाहेर हलकेच ढकला. दर दोन-तीन फटक्यांनी एवढं केलं की बाजू बदलत बसावं लागत नाही. हुकूम एकानेच द्यायचे, मागच्याने. नवरा-बायकोची भांडणं नेमकी या मुद्द्यावर होतात.

खळखळ आली की पाण्यावर इंग्रजी व्ही शोधा. टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे खडक. मिनिसिंक आणि नामानॉक बेटांपाशी फाटे फुटतात. जास्त पाणी जिकडे जातं तिकडेच जा, नाहीतर उतरून ओढत न्यावी लागेल. कनू खडकाला आडवी लागली तर सगळ्यांनी खडकाकडे झुकायचं. घाबरून माणूस उलट झुकतो, वरच्या बाजूची कड बुडते, आत शेकडो लिटर पाणी शिरतं आणि कनू तिथेच खिळते. काठाला पडलेल्या झाडांपासून मात्र लांबच राहा. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. पाण्यात पडलात तर प्रवाहात उभे राहू नका, दगडात पाय अडकतो. पाठीवर, पाय वर आणि पुढे. कनूच्या खालच्या अंगाला थांबू नका.

दुपारी समोरून वारा सुटला आणि पुढचं टोक हलकं असलं की कनू वाऱ्यावर फिरते. अशा वेळी पिशवी आणखी पुढे सरकवा आणि काठाच्या आडोशाने चला.

डबा स्टीलचा नको, तो सरळ तळाला जातो. दशम्या, दाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, तो ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि बॅग आखूड दोरीने आडव्या पट्टीला बांधलेली. लांब दोरी पायात अडकते. माणशी दोन लिटर पाणी, चष्म्याला दोरी, मागे पट्टा असलेल्या सँडल. जीन्स नको. दुधाचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापून नेलात तर पाणी उपसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

डिंगमन्सचा जुना लोखंडी पूल दिसला की लगेच उजव्या काठाकडे सरकायला लागा. ऐनवेळी वळलात तर प्रवाह पुढे घेऊन जातो. उतरल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत आणि केसांत गोचीड बघा; इथल्या गवतातल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो.