गोळ्या सांभाळा, मार्करचं नंतर बघू

पावसात पेंटबॉल खेळायचं ठरलं की सगळे आधी मार्करभोवती, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीभोवती, प्लास्टिक गुंडाळायला लागतात. मी मात्र गोळ्यांच्या खोक्यापाशी ठाण मांडतो. भिजलेला मार्कर पुसता येतो, भिजलेल्या गोळीचं काहीच करता येत नाही.

गोळीचं कवच जिलेटिनचं असतं. पाणी लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. ०.६८ इंचाच्या गोळीला बॅरलमध्ये, म्हणजे मार्करच्या नळीत, जागा असते जेमतेम. फुगलेली गोळी तिथे अडकते, नाहीतर आतच फुटते, आणि मग मागून येणाऱ्या गोळ्या भलतीकडेच जातात.

गंमत म्हणजे गोळ्या आभाळातल्या पाण्याने कमी आणि आपल्या हातांनी जास्त भिजतात. ओला ग्लोव्ह घालून कुणीतरी पिशवीत हात घालतो आणि सगळ्या पिशवीची वाट लावतो. म्हणून पॉड, म्हणजे सोबत न्यायचे गोळ्यांचे डबे, भरायचे ते खेळाआधी, छपराखाली, कोरड्या हातांनी. हॉपरवर, म्हणजे मार्करला गोळ्या पुरवणाऱ्या डब्यावर, रबरी पाकळ्यांचं झाकण असेल तर ते काढून साधं, घट्ट बसणारं झाकण लावा; त्या पाकळ्यांमधून पाणी बिनबोभाट आत जातं. गोळ्या ओतताना हॉपरवर ओणवे व्हा आणि एका वेळी थोड्याच ओता. हॉपरमध्ये उरलेल्या गोळ्या परत पिशवीत टाकायच्या नाहीत. मला यावरून कंजूसपणाचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण एक ओली गोळी शेजारच्या चार गोळ्यांना चिकटते.

पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या मी टाकत नाही. कवच फार कोरडं झालं तर ठिसूळ होतं. हवाबंद पिशवी पुरते. फक्त थंडगार गाडीतून काढून दमट हवेत ती लगेच उघडू नका, गोळ्यांवर दव धरतं.

मार्करचं थोडक्यात: खेळ थांबला की बॅरल कव्हर चढवा, तोंड खाली ठेवा, पुढच्या डावाआधी बॅरल आतून पुसायचा स्वॅब फिरवा. घरी नेऊन उघडण्याआधी हवेचा सिलिंडर काढा, आत उरलेली गोळी आणि हवा सुरक्षित दिशेला मोकळी करा. मग बॅटरी काढा आणि भाग सावलीत वाळू द्या. हेअर ड्रायरची घाई नको. ओ-रिंगना, म्हणजे आतल्या रबरी कड्यांना, मार्करसाठीचंच तेल लावा. गंज सोडवायचे स्प्रे रबराला खातात.

मास्कची दुहेरी लेन्स नळाखाली धरू नये. दोन काचांमध्ये पाणी शिरलं की ते धुकं बाहेरून कितीही पुसा, जात नाही. आणि खेळताना काच धूसर झाली तर हात वर करून मैदानाबाहेर जा, मास्क तिथे काढा. समोरच्याला तुमची अडचण दिसत नसते, तो गोळी झाडणारच.